पीअर्सच्या चोवीस टोप्या

पीअर्स कर्वनचा पाय मी मोडला, तेव्हा तो आयर्लंडकडून फुटबॉलचे चोवीस सामने खेळला होता आणि मी एकही नाही.

आम्ही दोघंही वॉटरफर्डचे, त्यातही बॅलीब्रिकनचे. म्हणजे टेकडीवरचे. खाली नदी, वर आम्ही, आणि मधे डुकरं कापायचे कारखाने. माझा बा, जेम ब्रॉफी, कापायच्या खोलीत होता. पीअर्सचा थोरला भाऊ गस त्याच खोलीत, बाच्या शेजारी उभा राहायचा. दोघांचे हात कोपरापर्यंत लाल असायचे. संध्याकाळी दोघं एकाच वाटेने टेकडी चढायचे आणि एक शब्द बोलायचे नाहीत. आमच्या घराचं दार लागेपर्यंत बा गप्पच असायचा. दार लागलं की त्याचा हात सुटायचा.

मी अकरा-बारा वर्षांचा असताना गल्लीतला एक सामना हरून आलो. बाने माझी करंगळी दाराच्या चौकटीत धरली आणि दार ओढलं. म्हणाला, "उद्या जिंकशील." दुसऱ्या दिवशी मी खरोखर जिंकलो, आणि तेच वाईट झालं. आपली पद्धत बरोबर आहे, अशी बाची तेव्हापासून खात्रीच पटली.

आमच्याकडे तेव्हा देशासाठी सामना खेळला की टोपी मिळायची. मखमली, वर गोंडा, पुढे भरतकाम. डोक्यावर ती कोणी कधी घातलेली मी पाहिली नाही. पण मोजायला सगळं गाव मोजायचं. फलाण्याच्या किती टोप्या झाल्या, अमक्याच्या कितीवर थांबल्या, हे आमच्या टेकडीवरच्या बायकांनासुद्धा नवऱ्याच्या वयापेक्षा पक्कं पाठ असायचं. स्टेशाबाई गॉफच्या पबमध्ये दाराशेजारी एक शाळेची पाटी टांगलेली होती. तिच्यावर पीअर्सचं नाव आणि पुढे आकडा. पीअर्स खेळून आला की स्टेशाबाई अंगठा ओला करून जुना आकडा पुसायची आणि नवा लिहायची. सगळे टाळ्या वाजवायचे. टेकडीवरच्या कुणी पंचवीस गाठले नव्हते. पीअर्स गाठणार होता.

मी पीअर्सपेक्षा चार वर्षांनी लहान. तो इंग्लंडात लँकेशरच्या एका क्लबकडे खेळायचा, मी यॉर्कशरच्या. दोघंही लेफ्ट बॅक, म्हणजे बचावात डावी कड सांभाळणारे. आणि अकरा माणसांत लेफ्ट बॅक एकच असतो.

सामना सुरू झाल्यावर माणूस बदलायची तेव्हा सोय नव्हती. पण इंग्लंडहून येताना बोटीत कुणाला ताप आला, कुणाचा पाय मुरगळला तर हाताशी असावा म्हणून एक जादा माणूस न्यायचे. तो जादा माणूस मी. शनिवारी क्लबसाठी खेळायचं, तसंच चिखलाच्या अंगाने गाडी धरायची, मग बोट, रविवारी सकाळी डब्लिनमध्ये मिस्सा, आणि दुपारी डॅलीमाउंटच्या मैदानावर अंगात ओव्हरकोट घालून बाकावर बसायचं. असं मी नऊ वेळा केलं. नऊही वेळा पीअर्सला साधी शिंकसुद्धा आली नाही.

गावात माझं नावच पडलं, ओव्हरकोट.

"अरे, ओव्हरकोट आला! काय रे, बाक गरम होता का?"

"त्याला विचारू नका. गुंड्या मोजण्यात सामना संपला त्याचा."

मी हसून घ्यायचो. बा हसायचा नाही. म्हणायचा, "नऊ वेळा समुद्र ओलांडलास. एखादा मासा एवढा पोहला असता, तर कुणीतरी त्याला पकडला तरी असता."

पीअर्स मात्र माझ्याशी चांगला वागायचा. बोटीत मला उलट्या व्हायच्या, तेव्हा त्याने दोनदा आपली खालची फळी मला झोपायला दिली. म्हणायचा, "धीर धर लेका. माझे गुडघे आता बोलायला लागलेत. एकदा वीस होऊ देत, की ती जागा तुझी." वीस झाल्यावर तो पंचवीस म्हणायला लागला.

त्रेपन्न सालच्या मार्चमध्ये आमच्या दोघांच्या क्लबांची गाठ पडली. पीअर्सचा पंचविसावा सामना एप्रिलमध्ये डब्लिनला ठरला होता. टेकडीवर बँडची तालीम चालू होती. स्टेशाबाईने दारं रंगवून घेतली होती. बाने मला पत्र पाठवलं. बाला लिहिता येत नसे. आईने लिहिलं होतं, पण शब्द बाचे होते. 'बँडमध्ये ढोल वाजवायला माणूस कमी आहे. तू मोकळाच आहेस, येऊन जा.' मी ते पत्र सामन्याच्या दिवशी बुटात घातलं होतं. का घातलं, विचारू नका.

मैदान म्हणजे नुसता लगदा होता. शेवटची वीस मिनिटं राहिली असताना पीअर्स चेंडू घेऊन मधून वर आला. एवढा वर तो कधी येत नसे. चेंडू त्याच्या पायापासून जरा लांब गेला. माझ्यापासून तो एक पाऊल होता, त्याच्यापासून दीड. मी धावलो. चेंडूकडे मी पाहिलंच नाही. मी त्याच्या नडगीकडे पाहत होतो. पाय मागे घ्यायला मला वेळ होता. लोक म्हणतात, अशा वेळी काही कळत नाही. खोटं आहे. सगळं कळतं. मी टाच वर केली, बुटाचे खिळे पुढे केले आणि सगळं अंग त्या पायावर टाकलं.

आवाज मला ओळखीचा होता. बा डुकराच्या बरगड्यांवर कोयता मारायचा तेव्हा तसाच व्हायचा.

हाड मोजा फाडून बाहेर आलं होतं. पांढरं, आणि लगेच लाल. पीअर्स ओरडला नाही. त्याने माझी बंडी गळ्याशी धरली आणि मला आपल्यावर ओढलं. त्याचं नाक माझ्या नाकाला लागलं होतं. त्याच्या तोंडाला त्याने सकाळी खाल्लेल्या कांद्याचा वास होता. त्याच्या क्लबचे दोघं धावत आले. एकाने मला लाथ घातली, दुसऱ्याने केस धरून मागे खेचलं. रेफरी शिट्टी वाजवत आला.

"अपघात आहे," पीअर्स खालून म्हणाला. दात इतके आवळलेले की शब्द गाळून येत होते. "सोडा त्याला. माझा गाववाला आहे तो. अपघात आहे."

चार दिवसांनी मला तार आली. एप्रिलचा सामना मी खेळायचा होता.

डॅलीमाउंटवर वॉटरफर्डहून आलेल्या लोकांनी मी मैदानात उतरताच पाठ फिरवली. नंतर पुन्हा तोंड वळवलं ते शिव्या द्यायला. "कसाई! कसायाचा पोर!" कुणीतरी डुकराचा उकडलेला कान फेकला, तो माझ्या खांद्यावर आदळला. मी तो झटकला आणि खेळलो. आम्ही जिंकलो. माझ्या बाजूने एक माणूस पुढे गेला नाही. शेवटची शिट्टी झाली तेव्हा मला वाईट वाटलं असं मी सांगितलं, तर ते तुम्हाला आवडेल. पण मला आनंद झाला. हातात टोपी आली तेव्हा मी तिचा वास घेतला. नव्या कापडाचा वास होता.

सोमवारी बा कारखान्यात गेला आणि कापायच्या खोलीत सगळ्यांना ऐकू जाईल असं गसला म्हणाला, "काय रे गस, तुझ्या भावाच्या तंगडीतून माझ्या पोराची टोपी निघाली बघ."

गसच्या हातात लोखंडी आकडा होता, डुक्कर ओढायचा. त्याने तो फिरवला. मारायचा होता की नुसता धाक दाखवायचा होता, देव जाणे. आकड्याचं टोक बाच्या डाव्या डोळ्यात गेलं. बा खाली बसला, रक्तातच, आणि एक हात डोळ्यावर धरून दुसऱ्या हाताने त्याने गसच्या पोटरीत सुरी खुपसली. त्या खोलीत वीस माणसं होती. पोलीस आले तेव्हा वीसही माणसांची पाठ होती. बाने सांगितलं, मी घसरलो. गसनेही तेच सांगितलं. आमच्या टेकडीवर सगळेच घसरून पडायचे.

बाचा डोळा काढावा लागला. मी इंग्लंडहून आलो तेव्हा तो पट्टी बांधून चुलीशी बसला होता. मला वाटलं, आता हा मला मारणार. पण आयुष्यात पहिल्यांदा त्याने माझ्यासाठी खुर्ची सरकवली.

"एका टोपीला एक डोळा," तो म्हणाला. "परवडलं."

आई मोरीत जाऊन ओकली.

जूनमध्ये टेकडीवर जनावरांचा बाजार भरला. मी तिकडे जायलाच नको होतं. पण घरात किती दिवस बसणार? शिवाय माणूस घाबरला असं टेकडीवर एकदा झालं, की मग त्याला तिथे राहता येत नाही. मी पोलीस चौकीसमोरून निघालो आणि गस समोर आला. पायाला अजून पट्टी होती. त्याने डगला काढून एका गाईच्या पाठीवर टाकला.

"मॉसी," तो म्हणाला, "हात वर कर. नंतर म्हणू नकोस, सांगितलं नाही."

मी हात वर केले. मी काही मेंढरू नव्हतो. पहिला ठोसा माझाच बसला, त्याच्या नाकावर. त्यानंतरचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. लोकांनी केलेलं रिंगण. कुणीतरी म्हणतंय, "कोपरं वापर, गस, कोपरं!" माझ्या गुडघ्याखालचं शेण. गसचा गुडघा माझ्या हनुवटीवर आला आणि जबडा एका बाजूला सरकला. तोंडात दात सुटे झाले, बोरांच्या बियांसारखे. मी त्याच्या जखमी पोटरीवर लाथा घालत होतो. पट्टीतून रक्त यायला लागलं तरी घालत होतो. त्याने मला कानाला धरून जनावरांना पाणी पाजायच्या दगडी कुंडाच्या काठावर नेलं आणि आपटायला माझं डोकं मागे खेचलं. मला वाटलं, संपलं.

"गस!"

रिंगणातून पीअर्स आला, दोन कुबड्यांवर. तीन महिन्यांत निम्मा झाला होता. पाय प्लास्टरमध्ये, आणि त्या प्लास्टरचाही वास यायला लागला होता. हाड कुजलं होतं, ते पुढे दोनदा कापावं लागलं. तो माझ्यासमोर उभा राहिला.

"मॉसी, मुद्दाम केलंस का?"

सगळी टेकडी ऐकत होती. गाईसुद्धा गप्प झाल्यासारख्या वाटल्या.

"नाही," मी म्हणालो. मोडक्या जबड्याने ते 'आई' असं ऐकू आलं असावं, कारण कुणीतरी हसलं.

"झालं तर," पीअर्स म्हणाला. "सोड त्याला, गस."

माझा जबडा तारेने बांधला. सहा आठवडे मी नळीने सूप प्यालो.

त्यानंतर नऊ वर्षं मी खेळलो. दोन टोप्या, पाच, दहा, चौदा. मी खेळायचो कसा, ते विचाराल तर मी माणसं मोडायचो. पायच मोडायचो असं नाही. कुणाची बरगडी, कुणाचा खांदा. एका सोनेरी केसांच्या पोराला मी डब्लिनमध्ये दहाव्या मिनिटाला असा आडवा केला, की उरलेला सामना तो दुसऱ्या कडेला जाऊन खेळला. लोकांना ते आवडायचं. ज्यांनी माझ्यावर कान फेकला होता, तेच आता ओरडायचे, "मॉसी, दाखव त्याला!" फक्त स्टेशाबाईच्या पाटीवर माझं नाव आलं नाही. पीअर्सचे चोवीस तिने पुसले नाहीत, आणि खाली माझ्यासाठी ओळ काढली नाही. मी तिला कधी विचारलं नाही. एकदा दारूच्या भरात बाने विचारलं. ती म्हणाली, "जेम, खडू संपलाय." सात वर्षं तिचा खडू संपलेलाच होता.

बा साठ साली गेला. शेवटच्या दिवशी त्याने एक डोळा उघडला.

"किती झाल्या?"

"सतरा."

"त्याच्या?"

"चोवीस."

"मग?" तो म्हणाला आणि भिंतीकडे वळला. दुपारी गेला.

बासष्टच्या शरदात माझ्या एकवीस झाल्या होत्या. एका वर्तमानपत्रवाल्याने मला विचारलं, "पुढच्या मोसमात कर्वनला मागे टाकणार. कसं वाटतंय?" मी काहीतरी उत्तर दिलं. पण त्या दिवसापासून मला जेवण जाईना. पंचवीस हा आकडा डोळ्यांपुढे आला की त्या मोज्यातून बाहेर आलेलं हाड दिसायचं. आठवडाभर मी असा काढला. मग क्लबला आई आजारी आहे असं खोटं सांगून गावी आलो आणि सामान घरी टाकून थेट पीअर्सच्या अंगणात गेलो.

पीअर्सचा तो पाय आता तीन इंच आखूड होता. तो आणि त्याची बायको नोनी डुकराचे खूर उकडून पबमध्ये विकायचे. अंगणात मोठं पातेलं उकळत होतं. नोनी आत होती. पीअर्स ठोकळ्यावर खूर चिरत बसला होता, सपासप.

"ये," तो म्हणाला. "खाणार?"

"मला तुला सांगायचंय."

"खाऊन सांग."

"पीअर्स, तो पाय मी मुद्दाम मोडला."

त्याचा कोयता थांबला नाही. एक खूर, दोन, तीन.

"माहीत आहे," तो म्हणाला.

 मग त्याने कोयता ठोकळ्यात रोवला आणि हात पुसले.

"बस, मॉसी. आता तू आलाच आहेस तर ऐक. मीही त्याचसाठी आलो होतो."

"कशासाठी?"

"तुझ्या घोट्यासाठी. संघ निवडणाऱ्यांपैकी एकाने मला कानात सांगितलं होतं. कर्वनचे पंचवीस होऊ देत, मग त्याला नारळ देऊ आणि ब्रॉफीला घेऊ. मला पंचवीसवर थांबायचं नव्हतं रे. मला तीस हवे होते. तू चार-सहा महिने लंगडत राहिला असतास, तर त्यांना मलाच घ्यावं लागलं असतं. चेंडू माझा सुटला नव्हता. मी सोडला होता. तू यावास म्हणून. माझेही खिळे वरच होते. तू जरा आधी पोचलास, एवढंच. चार वर्षांनी तरणा ना तू."

"मग तू अपघात म्हणालास ते..."

"रेफरीने नीट चौकशी केली असती, तर दोघंही गेलो असतो."

मला हलकं वाटायला हवं होतं. नऊ वर्षांचा छातीवरचा धोंडा त्याने एका वाक्यात उतरवला होता. पण तुम्हाला सांगतो, माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ते पाप तरी माझं एकट्याचं होतं. त्या पापासाठी मी जबडा दिला होता. शेवटी तेवढंच माझ्याजवळ होतं, आणि त्यातही हा माणूस निम्मा वाटेकरी निघाला.

"बाजारात सगळ्यांसमोर मला विचारलंस, मुद्दाम केलंस का म्हणून. तू! मला!"

"तू खरं बोलला असतास, तर मीही बोललो असतो," तो म्हणाला. "वाट पाहत होतो."

"माझ्या बाचा डोळा गेला, पीअर्स!"

"तुझ्या बाचा डोळा तुझ्या बाच्या तोंडाने गेला."

मी त्याला मारलं. बसलेल्या, लंगड्या माणसाच्या तोंडावर मूठ मारली. तो ठोकळ्यावरून मागे पडला, आणि मी त्याच्या छातीवर बसलो आणि मारत राहिलो. पण त्याचे दंड कुबड्यांनी घडवलेले होते. त्याने माझा गळा धरला, मला उलटवलं, आणि तो तोंडातलं रक्त माझ्या डोळ्यांत थुंकला. तो हसत होता. खरंच हसत होता, लाल दातांनी. आम्ही लोळत पातेल्यापर्यंत गेलो. त्याने माझं मनगट धरलं आणि माझा उजवा हात उकळत्या पाण्यात घातला. मी जनावरासारखा किंचाळलो. त्याचा कान माझ्या तोंडाशी होता, मी चावलो आणि सोडला नाही. हाताला कोयता लागला. माझ्या की त्याच्या, मला आठवत नाही. पण तो ठोकळ्यातून निघाला होता, हे नक्की. आणखी एक मिनिट गेलं असतं, तर आमच्यातला एक जण त्या अंगणातून चालत बाहेर गेला नसता.

नोनी लोखंडी झारा घेऊन बाहेर आली. पहिला तडाखा माझ्या पाठीत, दुसरा नवऱ्याच्या डोक्यात. मग मोजणं सोडून तिने दोघांना जमेल तिथे हाणलं.

"मरा! पण रस्त्यावर जाऊन मरा! माझं पातेलं सांडलं तर याद राखा. टोप्या! टोप्या म्हणे! ट्रंकेत पडल्यात, कसर लागून चाळणी झाल्यात! जनावरांच्या आंबोणात घालायच्या लायकीचीसुद्धा एक नाही!"

आम्ही सुटलो. पीअर्स भिंतीला टेकून बसला. त्याच्या कानाची पाळी लोंबत होती. माझ्या हाताची कातडी मोज्यासारखी सरकत होती. नोनीने त्याचा कान फडक्याने बांधला, माझ्या हाताला डुकराची चरबी थापली आणि मग दोघांपुढे एकेक ताटली ठेवली. मी डाव्या हाताने खूर खाल्ला. मीठ जास्त होतं. 

तीन आठवड्यांनी मी हाताला पट्टी बांधून डॅलीमाउंटवर उतरलो. बावीस. समोर एक विशीतला पोरगा होता, वाऱ्यासारखा. पहिल्याच दहा मिनिटांत चेंडू आमच्या दोघांच्या मधे पडला. माझ्यापासून एक पाऊल. मी धावलो, त्याची नडगी पाहिली, आणि माझा पाय मागे आला. मी आणला नाही, तो आपला आपण आला. पोरगा मला वळसा घालून गेला आणि गोल करून आला. उत्तरार्धात पुन्हा तसंच झालं. लोक बेंबीच्या देठापासून ओरडत होते, "मॉसी, घाल त्याला! काय झालं तुला?" तिसऱ्या वेळी मी नुसता उभा राहिलो. माझ्याच संघाच्या कप्तानाने कपडे बदलायच्या खोलीत माझ्या थोबाडीत मारली. मी हात उचलला नाही. त्यानंतर मला तार आली नाही. क्लबनेही वर्षाच्या आत सोडलं. मी परत आलो आणि गोदीत कामाला लागलो.

गसला पीअर्सनेच सांगितलं. स्टेशाबाईच्या पबमध्ये, भर दुपारी, चारचौघांत. सगळं, चेंडू सोडल्यापासून. गसने शांतपणे ऐकून घेतलं, आपला ग्लास संपवला, आणि सख्ख्या भावाला असा ठोसा दिला की तो स्टुलासकट दारापर्यंत गेला. मग गस आमच्या घरी आला. मी तेव्हा कामावर होतो; हे सगळं आईने नंतर सांगितलं. तो दारात टोपी हातात घेऊन उभा राहिला, एवढा धिप्पाड माणूस.

"जेमच्या डोळ्याचं..." तो म्हणाला.

"जेम आता काय पाहणार आहे?" आई म्हणाली. "आत ये. पाव गरम आहे."

त्याने तीन पाव खाल्ले, लोणी लावून, आणि रडला. आई म्हणाली, पाव खाताना कुणी रडलेलं तिने पहिल्यांदाच पाहिलं, पावावर भुरभुरलेल्या पिठाचा सगळा चिखल झाला तोंडावर. माझ्याशी मात्र तो बोलला नाही. मी समोरून आलो की रस्ता बदलायचा. मी त्याला दोष देत नव्हतो.

पीअर्स आणि मी मधूनमधून एका बाकावर बसायचो. फार बोलायचो नाही. त्याचा पाय पुन्हा पुन्हा पिकायचा, शेवटी गुडघ्यावरून कापला, आणि तरीही विष अंगात भिनलं. एकाहत्तरच्या फेब्रुवारीत तो गेला. पंचेचाळीसचा होता. मरणाच्या कागदावर काय लिहिलं मला माहीत नाही. मला ठाऊक आहे, त्याला कशाने मारलं. अठरा वर्षं लागली, एवढंच.

चर्चमध्ये नवा फादर होता, टेकडीबाहेरचा. त्याने पीअर्सचं खूप कौतुक केलं आणि म्हणाला, "आपल्या या बंधूने पंचवीस वेळा देशाची सेवा केली."

"चोवीस," गस पहिल्या बाकावरून मोठ्याने म्हणाला.

फादर थांबला, खोकला, आणि पुढे गेला.

पेटी उचलायची वेळ आली. सहा माणसं लागतात. कर्वनांचे पाच पुरुष उभे राहिले. सहावा पीअर्सचा मेहुणा होता, पण त्याची कंबर गेलेली. मी मागच्या खांबाशी होतो. गसने मान वळवून सगळ्या चर्चवरून नजर फिरवली आणि ती माझ्यावर थांबवली. हाक मारली नाही. नुसती हनुवटी हलवली, इकडे ये म्हणून.

मी गेलो. माझ्या उजव्या हाताची बोटं अजून नीट मिटत नाहीत, म्हणून मी दुसऱ्या बाजूला उभा राहिलो. गस माझ्या समोरच होता. पेटीखालून त्याने आपला हात माझ्या खांद्यावर टाकला आणि माझा हात ओढून स्वतःच्या खांद्यावर घेतला, पेटी वाहताना घेतात तसा. दगडी पकड होती त्याची.

"वाकू नकोस," तो म्हणाला. "जड आहे तो."

आम्ही उतरणीला लागलो. पाऊल जुळायला थोडा वेळ गेला.